नाममुद्रा आणि पुस्तकांची देवघेव

गावात लग्नकार्य निघाले म्हणजे दहा घरची पातेली, पराती व घागरी एका मांडवात येतात. कार्य उरकल्यावर ती घासूनपुसून ओटीवर मांडली जातात आणि काठावर टोचलेले नाव वाचून ज्याची त्याच्या घरी पोचती होतात. भांडे विकत घेताना त्यावर नाव घालून घेण्याची रीत महाराष्ट्रात इतकी रुळलेली आहे की तिचा हेतू सहसा कोणी विचारीत नाही. चोरी होऊ नये एवढाच तो हेतू असता तर भांडे घरातच ठेवणे अधिक सोयीचे झाले असते. भांडे शेजाऱ्यास निर्धास्तपणे देता यावे, म्हणून नाव घालावयाचे. ज्या घरी पातेल्यावर नाव आहे त्या घरी पुस्तकावर मात्र बहुधा नाव नसते. आणि ज्या शाळेत पुस्तकांचे कपाट आहे त्या शाळेत त्या कपाटाला पुष्कळदा कुलूप असते. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे.

कुलपाचे कारण शिक्षकांना सांगावयास नको. कपाटातील प्रत्येक पुस्तक नोंदवहीत चढलेले असते. बदली झाली म्हणजे कार्यभार देताना ती मोजून द्यावी लागतात, आणि एखादे कमी भरले तर ते कोणी भरून द्यावयाचे हा प्रश्न उभा राहतो. म्हणून पुस्तके आत राहतात आणि तपासणीच्या दिवशी धूळ झटकून बाहेर येतात. वाळवी मात्र कुलूप मानीत नाही. लेखणी व पुस्तक परक्याच्या हाती गेले की ते गेलेच, आणि आलेच तर मोडकेतोडके परत येते, अशा आशयाचे एक जुने सुभाषित प्रसिद्ध आहे. पोथी नकलून घेण्यास महिनेच्या महिने लागत त्या काळी हे भय रास्त होते. आज तेच भय सोळा पानांच्या गोष्टीच्या पुस्तकाला लागू करणे, हे मुलांचे मोठे नुकसान आहे.

ह्याच अडचणीची दुसरी बाजू शिक्षकांच्या स्वतःच्या पुस्तकांची आहे. अनेक शिक्षक पदरमोड करून शब्दकोश, गोष्टींची पुस्तके, प्रयोगांची पुस्तके शाळेत आणतात. दोनतीन वर्षांत ती शाळेच्या पुस्तकांत मिसळतात. बदलीच्या दिवशी त्यांतील आपली कोणती हे सांगता येत नाही. सांगितले तर ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते आणि न सांगावे तर पुस्तके जातात. एकदा असा अनुभव आला की पुढच्या शाळेत तो शिक्षक पुस्तके नेत नाही. पुस्तकावरील नाममुद्रेचा विचार ह्या दोन्ही अडचणींच्या संदर्भात करावयाचा आहे.

खूण करण्याची जुनी रीत

आपल्याकडील पोथ्या सुट्या पानांच्या असत. दोन फळ्यांमध्ये ठेवून त्या रुमालात बांधीत. सुटी पाने इतर पोथ्यांच्या पानांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक पानाच्या समासात ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरे व पानाचा अंक घालीत. शेवटी लेखकाचे नाव, शक, तिथी, गाव आणि पुष्कळदा पोथी कोणासाठी लिहिली त्याचेही नाव येई. तेल, पाणी व ढिली बांधणी यांपासून आपले रक्षण करावे, अशी विनंती पोथीच्याच तोंडी घालून लेखक हातातील लेखणी खाली ठेवीत असे. आज इतिहाससंशोधकांना एखादा ग्रंथ कोणत्या गावी, कोणत्या काळी वाचला जात होता हे कळते, ते पुष्कळ अंशी ह्या शेवटच्या चार ओळींवरून.

मोगल बादशाहांच्या ग्रंथसंग्रहातील हस्तलिखितांवर मुद्रा उमटविलेल्या आढळतात. जहांगीर व शाहजहान यांनी तर काही ग्रंथांच्या कोऱ्या पानांवर स्वहस्ते नोंदी केल्या आहेत. ग्रंथ तपासल्याच्या तारखा व त्यांचे मोलही तेथे मांडलेले सापडते. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले (राज्यकाल १७९८–१८३२) यांनी युरोपातून हजारो छापील पुस्तके मागविली, आणि त्या पुस्तकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. राजाचा तो खाजगी संग्रह पुढे १९१८ साली सर्वांना खुला झाला आणि सरस्वती महाल ग्रंथालय म्हणून आजही तो तंजावर येथे उभा आहे. कोणते पुस्तक राजाने स्वतः हाताळले, हे आज शोधू जाणाऱ्यास ती सहीच सांगते.

युरोपात छपाईचा आरंभ झाल्यावर थोड्याच दिवसांत पुस्तकाच्या आतल्या बाजूस छापील चिठ्ठी डकविण्याची पद्धत निघाली. तिला ग्रंथचिन्ह म्हणता येईल. सर्वांत जुन्या ज्ञात ग्रंथचिन्हांपैकी एक जर्मनीतील हिल्डेब्रांड ब्रांडेनबुर्ग ह्या धर्मोपदेशकाचे असून ते सुमारे १४८० सालचे आहे. त्याने आपली पुस्तके एका मठास दिली, त्या पुस्तकांत ते डकविलेले होते. ढाल हाती घेतलेला देवदूत आणि ढालीवर बैल, असे ते चित्र आहे. म्हणजे हे चिन्ह मुळातच दिलेल्या पुस्तकांवरचे आहे. न्यूरेंबर्गचा पंडित विलिबाल्ड पिर्कहायमर याच्यासाठी थोर चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५०० च्या सुमारास असेच एक चिन्ह काढले. ही पुस्तके स्वतःसाठी आणि मित्रांसाठी आहेत, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर कोरलेले आहेत. मालकी सांगणाऱ्या चिठ्ठीवरच मित्रांचा वाटा मान्य केलेला असावा, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

जपानमध्ये पुस्तकावर लाल मुद्रा उमटविण्याची रीत फार जुनी आहे. पुस्तक एकाकडून दुसऱ्याकडे गेले म्हणजे नवा मालक जुनी मुद्रा न खोडता तिच्याजवळ आपली उमटवितो. त्यामुळे एखाद्या पुस्तकाचा शेदोनशे वर्षांचा प्रवास पहिल्या पानावरच वाचता येतो. ह्या मुद्रांची लाल शाई परंपरेने हिंगुळाची असते. आपल्या पोथ्यांतील तांबडी अक्षरेही पुष्कळदा हिंगुळाचीच आहेत आणि शतके लोटली तरी ती फिकी झालेली नाहीत. हिंगुळात पारा असतो, म्हणून शाळेत त्याचा प्रयोग करू नये, एवढे सांगणे अवश्य आहे. मुद्रेचा अतिरेक कसा होतो याचे उदाहरण शेजारच्या चीनमध्ये आहे. अठराव्या शतकातील छ्येनलुंग बादशाहाने आपल्या संग्रहातील प्राचीन चित्रांवर इतक्या मुद्रा उमटविल्या की काही ठिकाणी आधी दिसते ती मुद्रा आणि मग चित्र. नवा शिक्का हाती आलेल्या कार्यालयीन माणसास हा मोह ओळखीचा वाटेल.

मुद्रा कोठे उमटवावी

बहुतेक मुले नाव घालतात ते वेष्टनावर. खाकी कागद चढवून त्यावर नावाची चिठ्ठी डकवितात. पुस्तकाचा जो भाग सर्वांत आधी फाटतो त्यावरच ही नोंद असते. पावसाळ्यात दप्तर भिजले की कागद बदलला जातो आणि नाव त्याबरोबर जाते. म्हणून नाव आतल्या पानावरच हवे. पुस्तकाचे शीर्षक ज्या पानावर असते त्या पानाच्या खालच्या मोकळ्या जागी ते घालावे. मजकुरावर, चित्रावर किंवा प्रकाशनाचे वर्ष व किंमत छापलेल्या ओळींवर ते येऊ देऊ नये.

एक मुद्रा पुरत नाही. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब होई. शेवटची मुद्रा पडल्यावर तिच्याखाली कोणास शब्दही वाढविता येत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण सहज वापरतो तो ह्या दोन मुद्रांमुळे. पुस्तकासही असेच दोन ठिकाणी बांधावे. ग्रंथालयांत ‘गुप्त पृष्ठ’ ठरविलेले असते. म्हणजे प्रत्येक पुस्तकाच्या एका ठराविक क्रमांकाच्या पानावर दुसरा शिक्का मारतात. पहिले पान फाडले गेले तरी तो राहतो. शाळेने असा क्रमांक ठरविताना मुलांची पुस्तके सोळा किंवा चोवीस पानांचीही असतात हे विसरू नये. पान ४१ ठरविले तर निम्मे कपाट मुद्रेविना राहील. पान ११ ठरविणे बरे.

शिक्षकाची खाजगी मुद्रा शाळेच्या शिक्क्यापासून दुरूनही वेगळी ओळखू यावी. शाळेचा शिक्का गोल असेल तर आपली चौकोनी करावी. तिच्यावर नाव, गाव व ‘खाजगी संग्रह’ एवढे शब्द पुरेत. पद किंवा शाळेचे नाव घालू नये, कारण बदलीनंतर ते खोटे ठरते. दूरध्वनीचा क्रमांकही घालू नये. पुस्तक कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. शाळेचा शिक्का खाजगी पुस्तकावर कोणत्याही कारणाने पडू देऊ नये. तो एकदा पडला की ते पुस्तक शाळेचे नाही हे सिद्ध करणे कठीण होते. तथापि मुद्रा कोणासही करून घेता येते, म्हणून ती एकटी पुरावा होत नाही. शिक्षकाने शाळेत आणलेल्या पुस्तकांची यादी दोन प्रतींत करावी, तीवर मुख्याध्यापकांची तारखेसह सही घ्यावी आणि एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी. अर्ध्या तासाचे हे काम पुढचा मनस्ताप वाचविते.

रबरी शिक्का आणि शाई

चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. रबरी शिक्के त्यानंतर, १८६० च्या पुढे, अमेरिकेत निघाले. खिळे जुळवून त्यांचा साचा घ्यावयाचा आणि त्या साच्यात रबर तापवून दाबावयाचे, ही जुनी कृती. आता तालुक्याच्या गावीही संगणकावर अक्षरे जुळवून शिक्का करून मिळतो. शाई आतच भरलेले शिक्केही निघाले आहेत. पण पुस्तकांसाठी साधा शिक्का व वेगळी गादी हेच बरे, कारण शाई किती घ्यावी ते आपल्या हाती राहते.

कार्यालयातील जांभळी शाई पुस्तकास तितकीशी योग्य नाही. ती रंगद्रव्य विरघळवून केलेली असते, उजेडाने फिकी होते आणि पातळ कागदात मागच्या पानापर्यंत उतरते. काळी, न विरघळणाऱ्या रंगाची शाई मिळाल्यास ती घ्यावी. गादी ओली झाली असेल तर तिच्यावर टीपकागद दाबून जादा शाई काढावी. पुस्तकाच्या पानाखाली जाड वही ठेवावी, शिक्का सरळ टेकवावा, एकदाच दाबावा व सरळ उचलावा. ठोकण्याची सवय टाळावी. पान वाळेपर्यंत पुस्तक मिटू नये. गुळगुळीत चकचकीत कागदावर शाई मुरत नाही, पसरते. तेथे हाताने नाव लिहिलेली चिठ्ठी डकवावी. फार जुन्या पुस्तकावर शिक्का मुळीच मारू नये, मऊ शिसपेन्सिलीने हलके लिहावे. शिक्का पुसण्यासाठी रॉकेल किंवा तेल वापरू नये; त्याने रबर फुगते व अक्षरांच्या कडा जातात. साबणाचे पाणी व फडके पुरते.

इयत्ता चौथी व पाचवीसाठी पाठ

हा पाठ भाषा, गणित व कार्यानुभव ह्या तिहींत बसतो. त्यास सलग दोन तासिका द्याव्यात. साहित्य गावातच मिळते. पंक्चर काढणाऱ्या दुकानातून सायकलच्या टाकाऊ ट्यूबचे तुकडे, सुताराकडून लाकडाचे लहान ठोकळे, कात्र्या, पतंगाचा कागद, रबर चिकटविण्याचे सोल्यूशन व शाईची गादी. बटाट्याचे ठसे मुलांना आवडतात आणि सरावास ते चांगले. पण बटाटा ओला असल्याने पुस्तकाचे पान सुरकुतते आणि दुसऱ्या दिवशी ठसाही सुकून जातो.

आरंभ अक्षरापासून करावा. प्रत्येक मुलाने पतंगाच्या कागदावर आपल्या नावाचे पहिले अक्षर ठळक लिहावे आणि कागद उलटून खिडकीशी धरावा. अक्षर उलटे दिसते. ‘ठ’ मात्र जवळजवळ तसाच राहतो. असे आणखी कोणते अक्षर आहे काय, हे मुलांनीच शोधावे, शिक्षकांनी सांगू नये. मग अंक घ्यावेत. ३ हा अंक उलटला की ६ सारखा दिसतो. ज्यांचे पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे असे घरी मोठी माणसे म्हणतात, ते का, हे येथे कोणीतरी मूल आपण होऊन ओळखते, आणि त्या क्षणी सममिती ह्या शब्दाची व्याख्या द्यावी लागत नाही.

ठसा उलटा असावा तेव्हा छाप सुलटी येते, हे कळल्यावर कापण्यास आरंभ करावा. एक सोपी युक्ती आहे. अक्षर ट्यूबवर सुलटेच काढून सुलटेच कापावे, आणि त्याची दर्शनी बाजू खाली करून ठोकळ्यावर चिकटवावी. म्हणजे वर दिसणारे अक्षर आपोआप उलटे होते. आपल्या लिपीतील शिरोरेषा येथे फार उपयोगी पडते. तिच्यामुळे पूर्ण शब्दही एकाच तुकड्यात कापता येतो, अक्षरे सुटी होत नाहीत. अनुस्वार तेवढा वेगळा पडतो. तो स्वतंत्र चिकटवावा लागतो आणि तोच प्रथम गळतो; मग गंगाची ‘गगा’ होते. जोडाक्षरांच्या नावांसाठी केवळ पहिले अक्षर पुरे. सोल्यूशन शिक्षकांनी स्वतः, ओसरीवर, मोकळ्या हवेत लावावे. पाते किंवा सुरी मुलांच्या हाती देऊ नये.

अक्षराजवळ प्रत्येक मुलाने आपल्या पसंतीची एक खूण कापावी: पान, मासा, नांगर, चांदणी, काहीही. ही नुसती हौस नव्हे. घरी आजी वाचू शकत नसेल तरी मासा नातवाचा आणि चांदणी शेजारच्या मुलीची, हे ती ओळखते व पडवीत राहिलेले पुस्तक योग्य घरी पाठविते. एका वर्गात सारख्या नावाची दोन मुले असतात, तेथेही खूणच निवाडा करते.

छाप प्रथम रद्दी कागदावर घ्यावी, नंतर पाठ्यपुस्तकावर. शासकीय व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना समग्र शिक्षा योजनेतून पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात, म्हणजे ते पुस्तक प्रत्येकाजवळ असते. येथे शिक्षकांनी विशेष जपावे. “घरून आपले एखादे पुस्तक आणा,” असे सांगून पाठास आरंभ करू नये. ज्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नाही त्या घरचे मूल त्या दिवशी शाळेत येणार नाही, किंवा येऊन मान खाली घालून बसेल. सर्वांजवळ जे आहे त्यावर पहिली छाप पडावी. दुसरी छाप मुलांनी स्वतः केलेल्या पुस्तकावर पडू द्यावी. एक मोठा कागद तीनदा दुमडून, शिवून व कडा कापून सोळा पानांचे पुस्तक होते आणि त्यात गोष्ट लिहिता येते.

पुस्तकावर नाव उमटले की काही मुले ते छातीशी धरतात व कोणास हात लावू देत नाहीत. हे स्वाभाविक आहे, पण पाठ तेथे थांबविणारा शिक्षक पाठ अर्धाच करतो, आणि अर्धा पाठ येथे अपायकारक आहे. म्हणून त्याच आठवड्यात देवघेव सुरू करावी. मुद्रेसमोरील पानावर एक चिठ्ठी डकवावी: नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. स्वतः केलेली पुस्तके मुलांनी प्रथम एकमेकांस द्यावीत. चिठ्ठीवर चार नावे चढली की ज्याचे पुस्तक त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते शिक्षकांनी अवश्य पाहावे. ह्या मुलांच्या हाती मग कपाटातील पुस्तके त्याच चिठ्ठीवर द्यावीत. चिठ्ठी भरण्याचे कामही त्यांच्यातील दोघांकडे सोपवावे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, तोपर्यंत ही पद्धत अंगवळणी पडावी अशी आखणी केल्यास त्या दिवशी निराळी आरास करावी लागणार नाही.

पुस्तक पुढे जाते तेव्हा

वर्ष संपल्यावर अनेक पुस्तके धाकट्या भावंडाकडे किंवा खालच्या वर्गाकडे जातात. त्या वेळी जुनी मुद्रा खरडून काढू नये. खरडल्याने पान जाते आणि पुस्तक चोरीचे असल्यासारखे दिसते. जुन्या मुद्रेखाली ‘दिले’ असे लिहून तारीख घालावी व शेजारी नव्या मुलाची मुद्रा उमटवावी. शिक्षकाने आपले पुस्तक शाळेस दिले तरी हाच प्रकार, मात्र त्याची नोंद नोंदवहीत त्याच दिवशी व्हावी.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांच्या गावी ह्या कामाची घाई करावी लागते. दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात आणि जी मुले गावी राहू शकत नाहीत ती आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर जातात. त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यावयाचे असतेच; पण कार्ड आई पेटीच्या तळाशी जपून ठेवते, आणि पुस्तक मुलाच्या हातात असते. म्हणून अशा मुलांच्या ठोकळ्यावर नाव व खुणेबरोबर गावाचे नावही असावे, आणि हा पाठ त्यांच्या वर्गात पहिल्या सत्राच्या आरंभीच घ्यावा. ठोकळा मुलाबरोबर द्यावा. शाईची लहान गादी देता आली तर तीही द्यावी.